उसनं गोत्र

लवाट्यांच्या घरात मुलगी झाली ती वैशाखातल्या एका सकाळी, आणि झाली तीच अठरा वर्षांची. बारावीची परीक्षा देऊन बसलेली, नवी साडी नेसलेली, केसांना खोबरेल चोपडलेली. तिला मांडीवर घ्यायचं म्हणून राजाभाऊंनी गुडघा पुढे केला आणि तीही नुसतं टेकल्यासारखं करून उठली, कारण सत्तरीच्या गुडघ्याला त्याहून जास्त झेपलं नसतं. मग बाळा भटजी म्हणाले, "आता मुलीच्या मस्तकाचा वास घ्या." राजाभाऊंनी घेतला. दत्तविधान झालं. त्या क्षणापासून हौसा ही शास्त्रानं राजाभाऊ लवाट्यांची काश्यप गोत्रातली मुलगी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिचं कन्यादान करून मोकळे होणार होते. इतक्या कमी मुदतीचं बापपण रत्नागिरीत आजवर कुणी घेतलं नसेल.

"चौसष्टाव्या वर्षी बाळंतीण झाले गो मी," पद्मजाबाई सुनेला म्हणाल्या. "आता डिंकाचे लाडू कोण करून घालणार मला?"

भार्गवी हसली. पद्मजाबाई हसल्या नाहीत. नवऱ्यानं त्यांना न विचारता घर बांधलं होतं, न विचारता कलमं लावली होती आणि आता न विचारता मुलगीही आणली होती. सवयीनं त्या पाटावर जाऊन बसल्या होत्या, एवढंच.

सगळ्याच्या मुळाशी तो अठरा आकडा. गावाबाहेर सड्यावर, उघड्या कातळावर, जे बालिकागृह आहे, त्याच्या कमिटीचे राजाभाऊ अध्यक्ष. तिथल्या मुलीला अठरा पूर्ण झाली की त्या वर्षीच्या मेअखेरीला सरकारचं अनुदान बंद. एकतीस मेपर्यंत हौसा सरकारची, एक जूनला तिची ती. पुढची सोय म्हणून जे वसतिगृह कागदावर होतं ते चार जिल्हे सोडून होतं आणि तिथून दर वेळी जागा नसल्याचं उत्तर यायचं. मग कमिटी 'पुनर्वसन' करायची. धरणात गाव गेलं की पुनर्वसन म्हणजे प्लॉट आणि पत्रे. कमिटीच्या भाषेत पुनर्वसन म्हणजे नवरा. मुलगी सड्यावरची, नवरा कुठलातरी, आणि कन्यादान गावातल्या कुणा मोठ्या माणसाच्या हातून. पुण्य मोठं, जबाबदारी एका दिवसाची. गेल्या खेपेला डॉक्टरसाहेबांनी केलं, त्याआधी एका कारखानदारानं. ह्या वेळी राजाभाऊंची पाळी होती, आणि त्यांना ती हवीही होती. पोटची मुलगी असून कन्यादान त्यांच्या हातून राहिलं होतं.

नवरा वेळणेश्वरचा, दामू गणपुले. आंबा, सुपारी, नारळ, सगळं होतं. नव्हती ती बायको. शहरात दीड खोलीत राहू पण आगरात यायचं नाही, असं सांगून गेल्या दहा वर्षांत जातीतल्या एकूण एक मुलींनी त्याला नाकारलं होतं, आणि तो अडतिशीला येऊन टेकला होता. त्याच्या आईनं शेवटी हात टेकले. "मुलगी कुठलीही असो, शेण काढायला लाजणारी नसली म्हणजे झालं." लग्न ठरलं. आणि ठरल्यावर, अगदी शेवटच्या आठवड्यात, म्हातारीला देवघर आठवलं. बिनगोत्राची सून देवघरात न्यायची कशी? संकल्पात काय म्हणायचं?

"त्यात काय!" राजाभाऊ म्हणाले. "आमचं देतो." पावसात शेजाऱ्याला छत्री द्यावी तसं त्यांनी गोत्र दिलं.

थोरला मुलगा सलिल मात्र आधी वकिलाकडे जाऊन आला. आंब्याचा रस डबाबंद करायचा त्याचा छोटा कारखाना, आणि गणपुल्यांचा माल त्याला कायमचा हवा होता. तरी बापाला मुलगी होतेय म्हटल्यावर मुलानं वकील गाठायचा नाही तर काय! "पंधरा वर्षांवरचं दत्तक कायद्यात बसत नाही," वकील म्हणाला. "विधी कितीही करा, तो धूर." सलिलनं समाधानानं धुराला परवानगी दिली.

अशा रीतीनं सगळे राजी होते. हौसाचं काय, ते कमिटीच्या ठरावात होतंच: 'मुलीची संमती आहे.'

सावनी त्या दिवशी जेवणाच्या वेळेला मुलुंडहून पोचली. ही राजाभाऊंची पोटची मुलगी. अकरा वर्षांपूर्वी तिनं दामले नावाच्या मुलाशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा राजाभाऊंनी ह्याच ओटीवर तिला विचारलं होतं, "दामल्यांचं गोत्र शांडिल्य, ठाऊक आहे ना? काश्यप नि शांडिल्य म्हणजे एकाच मूळपुरुषाची लेकरं. शास्त्रानं बहीणभाऊ. भावाला बहीण देऊन मी नरकात जाऊ?" ती म्हणाली होती, "बाबा, कालमानाप्रमाणे बदलायला नको का?" ते म्हणाले, "काळ बदलतो. ऋषी बदलत नाहीत." मग तिनं आणि दामल्यानं कचेरीत जाऊन सह्या केल्या. तेव्हापासून ती एकटी येते, आईला भेटते, दोन दिवस राहून जाते. दामल्यानं ह्या घराचा उंबरा पाहिलेला नाही. तिची मुलं आजोबांना फोटोत ओळखतात.

बापानं परक्या मुलीचं कन्यादान काढलंय हे ऐकून ती का आली, हे तिलाही धड सांगता आलं नसतं. पोटात दुखत होतं, आणि दुखतंय ते बघायला ती आली होती.

पंगतीत वाढताना भार्गवी म्हणाली, "वन्सं, गणपुल्यांची माणसं संध्याकाळी चारच्या गाडीनं येतायत. सीमांतपूजन साडेपाचला."

सावनीचा घास हातात राहिला. "कोण गणपुले?"

"म्हणजे काय, नवऱ्यामुलाकडचे!"

सावनीनं बापाकडे बघितलं. राजाभाऊ फणसाच्या भाजीची तारीफ करत होते. अकरा वर्षं तिनं ही गोत्रं पाढ्यासारखी पाठ केली होती; रागानं माणूस काय काय शिकतो! दामले शांडिल्य. सोमण शांडिल्य. गणपुलेही शांडिल्यच.

ताट तसंच सारून ती माडीवर गेली.

माडीवरच्या खोलीत आढी घातलेली होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत पेंढ्यात आंबे. त्यांच्यामधे बसून हौसा पिकलेले वेगळे काढत होती. उद्याची नवरी आणि हे काम, पण भार्गवीनं गेला महिनाभर तिला आंब्याच्या गडबडीत मदतीला बोलावून घेतलं होतं आणि मदतीला सुट्टी नसते.

"तुला करायचंय का हे लग्न?" सावनीनं दारातूनच विचारलं.

हौसानं वर बघितलं. "माणूस चांगले आहेत."

"ते नाही विचारलं मी."

"कळलं ताई, काय विचारलंत ते. पण मला कुणी असं विचारलंच नव्हतं. मला विचारलं, एकतीस तारखेनंतर कुठे राहणार?" तिनं एक आंबा नाकाशी नेला, बाजूला ठेवला. "सड्यावर येतात त्या नसीमा सिस्टरनी माझं नर्सिंगच्या वर्गाला नाव घातलंय. जूनमधे सुरू होतो. फीचं पण बघितलंय त्यांनी. फक्त राहायची सोय आपली आपण करायची. खोल्या बघत हिंडले मी. पहिला प्रश्न, वडील काय करतात? दुसरा प्रश्न कुणी विचारलाच नाही."

"सिस्टरकडे?"

"त्यांच्याकडे त्यांचे दोन मुलगे गल्फहून येऊन-जाऊन असतात. त्या ठेवतील हो. कमिटी ठेवू देईल का?"

"आणि दामूला सांगितलंस, शिकायचंय म्हणून?"

"सांगितलं. म्हणाले, आई म्हणेल तसं. आई म्हणाल्या, आमच्या गोठ्यात काय ते नर्सिंग कर." हौसा हसली, पण ते हसू काही टिकलं नाही. "दीड वर्षाचं शिक्षण आहे, ताई. दीड वर्ष पाठ टेकायला जागा आणि कुणी विचारलं तर सांगायला एक पत्ता. एवढं असतं तर मी कशाला कुणाच्या आगरात गेले असते? पण नाहीये ना. तर मग आगर बरं. रस्त्यापेक्षा आगर केव्हाही बरं."

'माझ्याकडे चल' हे शब्द सावनीच्या ओठांवर आले होते. तिथेच थांबले. मुलुंडची दोन खोल्यांची जागा, सासूबाई, दोन मुलं, आणि वर्ग तर रत्नागिरीत. तिनं खोलीभर नजर फिरवली. खिडकीला समुद्रावरचं वारं, भिंतीत कपाट, कोपऱ्यात मोरी. वर्षातले दोन महिने आंबे, एरवी कुलूप. ह्या घरात आंब्यांना खोली होती. तिला एकदम लाज वाटली, बापाची, भावाची, आणि स्वतःची सर्वांत जास्त.

खाली पद्मजाबाई सुपारी कातरत बसल्या होत्या.

"आई, गणपुल्यांचं गोत्र ठाऊक आहे तुला?"

अडकित्ता थांबला नाही. "शांडिल्य. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

"आणि तू बोलली नाहीस?"

"मला कुणी विचारलं? म्हटलं, बघू या तरी, ह्यांना आठवतं का. तुझ्या वेळी अकरा वर्षं लक्षात राहिलं. ह्या पोरीच्या वेळी? कशाला राहील! देताना ती आपली मुलगी होतेय असं त्यांना वाटलंच नाही मुळी. पोस्टात तिकीट लावावं तसं गोत्र लावलं नि धाडून दिली." पद्मजाबाईंनी मुलीला जवळ ओढलं. त्यांच्या डोळ्यांत सावनीनं कधी न पाहिलेली चमक होती. "तू गप्प राहा. त्यांचा भटजी आज विचारणारच गोत्र. विचारू दे. हे आता माघार घेणार नाहीत, गावभर आमंत्रणं गेलीयत. कायतरी प्रायश्चित्त घेतील नि लग्न लावतील. आणि एकदा का लावलं, की मी त्यांना भर मांडवात विचारणार आहे, त्या पोरीला चाललं ते माझ्या पोरीला का नाही? बघतेच काय उत्तर देतात! येत्या गणपतीला दामले जावई म्हणून ह्या घरात जेवले नाहीत तर नाव बदल माझं."

सावनी आईकडे बघत राहिली. अकरा वर्षं ही बाई गप्प होती, आणि लोकांना वाटत होतं तिला काही म्हणायचं नाहीये.

"आणि हौसा?" तिनं विचारलं.

"तिचं काय? नवरा मिळतोय, घर मिळतंय. वाईट काय आहे?" पण हे म्हणताना पद्मजाबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "सगळ्यांचं भलं एकदम नाही होत गो, सावनी."

गणपुल्यांची माणसं वेळेवर आली. अंगणातल्या मांडवात पाट, चौरंग, समया. दामू नव्या टोपीत अवघडून बसलेला. त्याची आई आल्या आल्या हौसाचे हात उलटेपालटे करून बघून गेली आणि समाधानानं खुर्चीत टेकली. भार्गवीला आत-बाहेर करताना एकच चिंता होती: ही मुलगी उद्या गेली की उरलेली आढी कोण निवडणार? तिच्या मनात होतं, हौसाला इथंच ठेवून घ्यावी, दोन वेळचं जेवण, जुन्या साड्या. चांगली कामसू आहे. सासऱ्यांनी ऐकलं नाही. भार्गवी वाईट नव्हती. घरात चार माणसं झोपून उठतात आणि काम एकटीनं करायचं असलं की माणूस असाच हिशोब करतो.

गणपुल्यांच्या भटजींनी पळी उचलली. "वधूपक्षाचं गोत्र?"

"काश्यप!" राजाभाऊ खणखणीत आवाजात म्हणाले. सकाळपासून ते ह्या प्रश्नाची वाटच बघत होते.

भटजींनी पळी खाली ठेवली. "काश्यप?"

"काश्यप. का हो?"

"वराचं शांडिल्य. राजाभाऊ, काश्यप-शांडिल्य विवाह होत नाही. तुम्हाला मी काय सांगू! प्रवर एक. शास्त्रानं ही मुलगी ह्याची बहीण लागते."

मांडवात कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. बाळा भटजी एकदम समईची वात सारखी करू लागले. सकाळी त्यांना कुणी वराचं गोत्र सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. राजाभाऊंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांना सगळं आठवलं, पण जरा उशिरा. हे लग्न ठरलं तेव्हा मुलीला गोत्रच नव्हतं, मग जुळवायचं कशाला? आणि गोत्र दिलं तेव्हा लग्न ठरलेलंच होतं. दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या होत्या, नुसत्या एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

"काढून घ्या परत," सलिल हळूच म्हणाला. "सकाळी दिलंय, अजून चोवीस तासपण झाले नाहीत."

"दिलेलं गोत्र परत घ्यायला ते काय पातेलं आहे?" बाळा भटजी कावले.

"दुसऱ्या कुणी दत्तक घ्यावी," गणपुल्यांच्या भटजींनी तोडगा काढला. "वेगळ्या गोत्राचा कुणी गृहस्थ. रात्रीत विधी उरकू, सकाळी लग्न."

मांडवात बरीच वेगळ्या गोत्रांची माणसं होती. एकाला म्हैस पिळायची आठवण झाली. भार्गवीच्या वडिलांना, ते भारद्वाज, असा खोकला लागला की त्यांना धरून मागच्या दारी न्यावं लागलं. डॉक्टरसाहेब आपल्या घड्याळाकडे बघत होते. मुलीचं कन्यादान करायला अर्धं गाव तयार होतं. बाप व्हायला त्यातला एकही नाही.

"अहो, काय चावलंय तुम्हांला!" दामूची आई उठली. तिला सून दिसत होती आणि ती डोळ्यांदेखत निसटत होती. "प्रायश्चित्त असेल ना कायतरी! गाय द्या, गाईचं मोल द्या. हल्ली कोण बघतंय गोत्र न् बित्र?"

गोत्रासाठी आठवडाभर अडून बसलेली बाई ती हीच.

"मार्ग असतो," तिचे भटजी म्हणाले. "राजाभाऊंची तयारी असली तर."

सगळे राजाभाऊंकडे बघू लागले. राजाभाऊंनी घसा साफ केला. दोनशे पानं, जिलेब्यांची पहिली रास तयार, कमिटीचे सगळे सभासद समोर. त्यांनी उपरणं सारखं केलं.

"तसं बघायला गेलं," ते म्हणाले, "कालमानाप्रमाणे..."

सावनी खांबाला धरून उभी होती. तो शब्द तिच्या अंगावर शहाऱ्यासारखा आला. अकरा वर्षं ह्या एका शब्दासाठी ती थांबली होती, आणि तो आला होता, तिच्यासाठी नाही, जिलेब्यांसाठी. तरी आला होता. समोर आई पदर तोंडाशी धरून उभी होती, आणि तिचे डोळे सांगत होते, गप्प राहा, सावनी, फक्त गप्प राहा. आणखी दोन वाक्यं, आणि दामल्याला ह्या घराचं दार उघडणार होतं. मुलं आजोबांच्या अंगणात पायऱ्यांवर खेळणार होती.

दाराशी हौसा बसली होती, नवऱ्यामुलीसारखी खाली मान घालून. तिनं वर बघितलं नाही. तिला कुणाकडून काही नको होतं. तसं मागायची सवयच तिला कुणी लावली नव्हती.

"नाही बाबा," सावनी म्हणाली. "चालायचं नाही."

राजाभाऊ तिच्याकडे वळले.

"तुम्हीच सांगितलंत मला. काश्यप नि शांडिल्य बहीणभाऊ. भावाला बहीण देऊन मी नरकात जाऊ का, असं म्हणाला होतात. इथंच, ह्याच ओटीवर. मी म्हटलं कालमानाप्रमाणे, तर तुम्ही म्हणालात, ऋषी बदलत नाहीत." खांब सोडून ती पुढे आली. "तेव्हा तुमचं बरोबर असेल, तर आजही ते बरोबरच आहे. पोटच्या मुलीला जे चाललं नाही, ते आज सकाळी झालेल्या मुलीला कसं चालेल?"

पद्मजाबाईंनी डोळे मिटले.

राजाभाऊंना आता दोनच वाटा होत्या. प्रायश्चित्त घ्यायचं, म्हणजे भर मांडवात, ह्याच मुलीसमोर, अकरा वर्षांची चूक कबूल करायची. नाहीतर शास्त्र धरायचं आणि शास्त्रानं पदरात पडलेली मुलगी घरात ठेवून घ्यायची. जन्मात पहिल्यांदाच त्यांना इतक्या लवकर निर्णय घेता आला. चूक कबूल करण्यापेक्षा मुलगी सांभाळणं त्यांना सोपं वाटलं.

"शास्त्र ते शास्त्र," राजाभाऊ म्हणाले. "लवाट्यांच्या घरात सप्रवर विवाह झालेला नाही, व्हायचा नाही. ही आमची मुलगी. हिच्यासाठी योग्य स्थळ मिळेपर्यंत ही आमच्या घरी राहील."

मग जे व्हायचं ते झालं. दामूच्या आईनं लवाट्यांच्या सात पिढ्या काढल्या. शास्त्रानं त्या तिच्याही निघतात हे तिच्या लक्षात आलं नाही. दामूनं टोपी काढून मांडीवर ठेवली. दाराशी हौसाजवळ जाऊन तो एवढंच म्हणाला, "शिकून झालं की आमच्याकडचा दवाखाना बघ हो. नर्स म्हणून. तिथे कुणी टिकत नाही." आणि तो आईला घेऊन गेला. सलिलच्या कारखान्याचा माल बहुतेक त्यांच्याबरोबर गेला.

सलिल आत येऊन फुटला. "कायद्यानं ही आपली कुणी नाही! वकिलानं मला स्पष्ट सांगितलंय. उद्याच्या उद्या सड्यावर पोचती करू."

"कायद्यानं नसेल," पद्मजाबाई म्हणाल्या. त्यांचा सगळा डाव मोडला होता आणि तो राग कुठेतरी काढायचाच होता. "अग्नीसमोर पाटावर कोण बसलं होतं? मी. धूर डोळ्यांत कुणाच्या गेला? माझ्या. फुकट बसले का मी? आज सकाळी मला मुलगी झालीय. तुझ्या वेळी तर मी तीन दिवस अडले होते, ही एका तासात झाली, कसला त्रास नाही दिलान. तिला कोण घालवतं बघू या!"

"पण राहणार कुठे ती?"

"आढीच्या खोलीत. आंबे खाली पडवीत घाल."

भार्गवीनं हे ऐकलं आणि ती चुलीशी मटकन बसली. कामाला पोर मिळावी म्हणून महिनाभर ती देवाला सांगत होती. देवानं ऐकलं, आणि नणंद दिली. आता हिला पाट द्यायचा, भाऊबीजेला ओवाळणी द्यायची, माहेरवाशीण म्हणून हातावर लाडू ठेवायचे! "वन्सं," तिनं हौसाला हाक मारून बघितली. मग स्वतःशीच खुदकन हसली, कारण दुसरं काय करणार?

राहता राहिली दोनशे पानं. "लग्न नाही तर नाही," पद्मजाबाईंनी आचाऱ्याला सांगितलं. "घरात मुलगी झालीय. बारसं समजा."

दुसऱ्या दिवशी गाव आलं, आहेराची पाकिटं घेऊन आलं, आणि काय म्हणून द्यायची ते न कळल्यानं परत खिशात घालून जेवायला बसलं. डॉक्टरसाहेबांनी भाषण केलं. राजाभाऊंच्या धर्मनिष्ठेचा त्यांनी गौरव केला. टाळ्या पडल्या. राजाभाऊ सगळ्या पंगतींमधून आग्रह करत फिरत होते आणि हळूहळू त्यांना वाटायलाही लागलं होतं की हे सगळं आपण ठरवूनच केलं.

पद्मजाबाई सावनीशी सकाळपासून बोलल्या नव्हत्या. ती निघायला पिशवी भरू लागली तेव्हा त्या खोलीत आल्या, आंबापोळीचं पुडकं पिशवीत कोंबलं.

"मूर्ख आहेस," त्या म्हणाल्या.

"हो आई."

"होत आलं होतं गो! तोंडातून निघालं होतं त्यांच्या." त्यांनी पुडकं पिशवीत आणखी खाली दाबलं. "आता काय, मी मरेपर्यंत नाही ते व्हायचं. दामल्यांना सांग... काय सांगू नकोस. पोरांना दे हे."

सावनीनं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. दोघी रडल्या, पण थोडंच, कारण बाहेर माणसं होती.

रिक्षा फाटकाशी आली. हौसा पिशवी घेऊन पुढे गेली होती. काल रात्री ती आढीच्या खोलीत झोपली होती, पेंढ्याचा वास अजून केसांत. राजाभाऊ फाटकापर्यंत आले. हे नवं होतं. अकरा वर्षांत मुलीला पोचवायला ते ओटी उतरले नव्हते.

"थांब जरा," ते म्हणाले. सावनी थांबली.

"काल तू बोललीस." ते शब्द शोधत होते, आणि त्यांचा चेहरा मऊ झाला होता, लहानपणी श्लोक बिनचूक म्हटला की व्हायचा तसा. "अख्ख्या मांडवात एकालाही शास्त्राची चाड नव्हती. माझीसुद्धा क्षणभर जीभ घसरली. तू सावरलंस. मला अभिमान वाटला, सावनी. मी का अडलो होतो तेव्हा, ते अकरा वर्षांनी का होईना, तुला कळलं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पटलं ना आता?"

रिक्षावाल्यानं पिशवी आत घेतली. हौसा बाजूला उभी होती, एका हातानं फाटक धरून. ते फाटक आता तिचा पत्ता होतं. सावनीला एवढंच म्हणायचं होतं की नाही, बाबा, तेव्हा तुम्ही चुकलात, कालही चुकलात, तुमचं गोत्र घाला चुलीत. म्हटलं असतं तर ते संतापले असते. संतापले असते तर काय काय मोडलं असतं, ते तिनं मोजून बघितलं.

"हो बाबा," ती म्हणाली. "पटलं."